कान मुरेपर्यंत

मिरजेच्या स्टेशनवर माझ्याजवळ दोन बॅगा होत्या. एकीत माझे कपडे, लसणीची चटणी आणि रेवतीच्या आवडीच्या करंज्या. दुसरी रिकामी. आमच्या ह्यांनी ती उचलली, हलवून पाहिली आणि विचारलं, "ही कशाला?"

"येताना रेवतीचं सामान नको का आणायला?" मी म्हटलं.

हे काही बोलले नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठं बोलायचं नाही ते त्यांना नेमकं कळतं. गाडी आली, त्यांनी दोन्ही बॅगा वर टाकल्या आणि खिडकीतून एवढंच म्हणाले, "आधी तिचं ऐकून घे." मी म्हटलं, "ऐकायलाच तर चाललेय." पण मनात मी तिथं जाऊन काय काय सुनावायचं याची उजळणी करत होते.

रेवती ही आमची एकुलती एक. नांदेडला बी.फार्म. करताना सुनील भेटला आणि गेल्या वैशाखात दोघांचं लग्न झालं. सुनीलचं घर आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगूचं. माणसं मराठीच, पण तीन पिढ्यांपासून तिथं किराणा दुकान, त्यामुळं पाय तेलंगणात. लग्नानंतर सगळं छान चाललं होतं. दिवाळीनंतर मात्र रेवतीचे फोन आखडले. "हो." "बरं." "डोकं दुखतंय गं, उद्या बोलते." माझी पोरगी, जी दात घासतानासुद्धा बोलायची!

त्यात आमच्या ओळखीचे एक बियाणं विकणारे गृहस्थ त्या बाजूला जाऊन आले. घरी येऊन चहाचा कप हातात धरून म्हणाले, "रेवतीला बघितलं हो. दुकानात कोपऱ्यात स्टुलावर बसवलीय. गिऱ्हाइकाकडं पाठ, तोंड फळ्यांकडं. मी हाक मारली तर वळून हसली, पण बोलली नाही. मी अजून काही विचारणार तर सासूनं ओठांवर बोट ठेवलं."

माझं डोकंच फिरलं. मी शाळेत गाणं शिकवण्यात जन्म घालवला. आमच्या घरात कुणी कुणाला गप्प बसवलेलं नाही, आणि बसवलंच तर ते काम माझ्याकडं असतं. लगेच फोन लावला. "तुला तिथं बोलू देत नाहीत का?" रेवती म्हणाली, "आई, तसं नाही गं, ते दुकानातलं वेगळं आहे, ऐक ना..." पण ऐकते कोण! मी बोलत राहिले, ती थकून "बरं" म्हणाली, आणि मी तिकीट काढलं.

नांदेडला गाडी बदलली. पौषातली थंडी, खिडक्या लावल्या तरी वारा आत येत होता. समोर किनवटकडची एक बाई बसली होती. तिनं पदरातून भुईमुगाच्या शेंगा काढल्या, अर्ध्या माझ्या ओंजळीत ओतल्या आणि विचारलं, "कुठं चाल्ल्या बाई?"

मला कुणी एवढं विचारलं की पुरतं. मी तिला वैशाखापासून सगळं सांगितलं. ती शेंगा फोडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पोरगी फोनवर रडते का?"

"नाही."

"जेवते का बराबर?"

"जेवते म्हणते."

"मंग तुमी काऊन रडून राह्यल्या?"

मला तिचा रागच आला. पण शेंगा चांगल्या होत्या, त्यामुळं मी फक्त खिडकीबाहेर बघितलं. पैनगंगा मागं पडली. सागाची मोठाली पानं धुळीनं लाल झालेली, मध्येच पांढरीधोप कापसाची रानं, आणि वाकून वेचणाऱ्या बायका. मुलूख आपल्यासारखाच वाटत होता. फलाटांवरची अक्षरं तेवढी गोल होत गेली.

आदिलाबादला उतरले आणि पहिल्यांदा तेलुगू सगळीकडून अंगावर आली. कर्ण्यातून, चहावाल्याकडून, मागून ढकलणाऱ्या माणसाकडून. मला माझ्या कानांचा गर्व आहे, खोटं कशाला बोलू. पेटीचा एक सूर केसभर उतरला तरी मला झोप येत नाही. म्हटलं, अर्थ नाही कळला तरी शब्द तरी वेगळे ऐकू येतीलच. छे! नळाची धार सोडावी तसं सगळं एकसलग. एक शब्द कुठं संपला, दुसरा कुठं लागला, काही पत्ता नाही. मी कान ताणून ताणून ऐकलं आणि पाच-दहा मिनिटांत माझ्याच कपाळात कळ आली. रेवतीचं "डोकं दुखतंय" आठवलं, पण मी ते झटकून टाकलं.

तलमडुगूला जाणारी शेअर रिक्षा मिळाली. मागं कापसाची गाठोडी कोंबलेली, त्यातच मला बसवलं. चालक माझ्याशी हिंदीत बोलायचा, फोनवर तेलुगूत, आणि शेजारच्या शेतकऱ्याशी मराठीत. गिअर बदलावा तसा. एक गाठोडं सुटलेलं होतं आणि रस्ता खड्ड्यांचा. अर्ध्या वाटेत माझ्या डोक्यावर, भुवयांवर, पदरावर कापूस. शेतकरी म्हणाला, "बाई, तुमी तर पुऱ्या वेचल्या गेल्या." सगळी रिक्षा हसली. मी मुलीच्या सासरी रणचंडी होऊन उतरणार होते, ती कापसाची बाहुली होऊन उतरले.

दुकान रस्त्यावरच होतं. समोर गल्ला, त्यामागं पोती, त्यामागं छतापर्यंत फळ्या. आणि फळ्यांकडं तोंड करून, आमच्याकडं पाठ करून, लाकडी स्टुलावर रेवती. लांब वेणी ओळखीची, लग्नात मीच घेतलेली हिरवी शाल. पायरीवर एक म्हातारा उभा होता. तो मोठ्यानं काहीतरी बोलला, त्यात "कोत्त कोडलु" एवढं मला सुटं ऐकू आलं. रेवतीनं मागं न बघता हात उचलला, फळीवरची एक पुडी काढली आणि खांद्यावरून मागं दिली. तोंडातून चकार शब्द नाही. गल्ल्यावर बसलेल्या विहीणबाईंनी पुडी म्हाताऱ्याच्या हातात ठेवली.

"रेवती!" मी ओरडले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज.

ती वळली, "आई!" म्हणून पोत्यावरून उडी मारून आली आणि गळ्यात पडली. मग माझ्या केसांतला कापूस बघून इतकी हसली की तिला उचकी लागली. म्हणजे बोलता येत होतं, हसताही येत होतं. मी तिचा चेहरा निरखून पाहिला. डोळ्यांखाली थोडं काळं होतं, पण गाल भरलेले. माझा राग थोडा हलला, तरी जागा सोडली नाही.

रात्रीची वाट न बघता जेवणाच्या पाटावरच मी विषय काढला. ज्वारीची भाकर, पुंटिकूरा (अंबाडीची भाजी) आणि तळलेल्या मिरच्या, असं जेवण होतं. विहीणबाई स्वतः वाढत होत्या. सुनील माझ्या शेजारी, रेवती आत भाकरी थापत होती. मी म्हटलं, "विहीणबाई, स्पष्ट विचारते. माझ्या मुलीला पाठमोरी बसवून गप्प का ठेवता?"

सुनीलच्या घशात घास अडकला. विहीणबाई मात्र खाली बसल्या. त्या बोलताना बाईमाणूस असूनही 'मी जातो, मी बसतो' म्हणतात. तिकडं बायका तसंच बोलतात.

"इहीनबाई, आमच्या घरची रीतच हाय ते," त्या म्हणाल्या. "मी पांढरकवड्याहून आलो तवा मले बी बसवलं सासूनं. त्याच स्टुलावर. नवीन मानूस दुकानात आलं का आदी कान मुरू द्यायचे. लोनचं मुरते ना, तसे. तोवर तेलगू एक शब्द बोलाचा नाई."

"पण बोलल्याशिवाय भाषा येते कुठं?"

"आदी बोललं का आपलाच आवाज कानात बसते. मंग जल्मभर आपन आपलंच आयकतो, लोकाचं नाई."

"आणि पाठ कशाला?"

"तोंड समोर असलं का गिऱ्हाईक बोट दाखवते, का थे मीठ द्या. मंग कान कायले कष्ट घेतीन? पाठ असली का आयकाच लागते. गावाले बी माहीत हाय. कोनी बोट दाखवत नाई, कोनी हळू बोलत नाई. चुकीचं देल्लं का 'कादु' (नाही) म्हनते आन् परत देते. रागावत नाई कोनी."

"त्या दिवशी आमच्या ओळखीच्या माणसाला तुम्ही गप्प केलंत."

"तो मराठी बोलून राह्यला होता. गिऱ्हाइकाच्या टायमात मराठी कानात गेली का सारं फिसकटते."

सुनील हळूच म्हणाला, "आई, मी तुम्हाला फोनवर सांगणार होतो. पण तुम्ही..." आणि त्यानं वाक्य गिळलं. जावई शहाणा आहे.

मी भाकरी मोडत बसले. पटत होतं, आणि पटतंय याचाच राग येत होता. तरी एक टोक हातात होतं ते सोडलं नाही. "दिवाळीपासून बसलीय ती. अजून किती मुरवणार?"

विहीणबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं, पुढं सरकल्या आणि आवाज खाली आणला. "तेच तर. मी तिले म्हनतो, बाई, झाले तुये कान, फिर आता. स्टूल फिरवाले गेलो तर धरून बसते. मी फिरत नाई म्हनते. तुमी आल्या ते लई बरं झालं. तुमीच सांगा तिले."

म्हणजे माझ्या मुलीला कुणी पाठमोरी बसवलेलं नव्हतं. ती उठत नव्हती. हा हट्टीपणा कुणाकडून आला असेल हे मला विचारायची गरज नव्हती. माझ्या छातीवरचं निम्मं ओझं त्या पाटावरच उतरलं. उरलेल्या निम्म्याचं आता नाव बदललं होतं: हिला झालंय तरी काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान सुस्त होतं. मागच्या अंगणात विहीणबाई संक्रांतीचे सकिनालु (तांदळाच्या पिठाची तीळ घातलेली कडबोळी) घालत होत्या. पीठ बोटांतून सोडत कापडावर कड्यात कडं गुंफायचं. माझी सगळी कडी तुटली. शेवटी त्यांनी मला नुसतं तीळ निवडायला दिले आणि मी रेवतीला घेऊन बाजेवर बसले.

"काय गं, फिरत का नाहीस?" मी विचारलं, आणि आश्चर्य म्हणजे गप्प बसले.

ती थोडा वेळ तीळ चिवडत राहिली. "आई, तुला 'कोत्त कोडलु' म्हणजे माहीत आहे? 'कोत्त' म्हणजे नवी, 'कोडलु' म्हणजे सून. मला सगळे तेच म्हणतात. त्यातले दोन्ही 'को' तुला कसे ऐकू येतात?"

"सारखेच. 'को' तो 'को'."

"मलाही तसेच यायचे. पण पहिला आखूड आहे, दुसरा लांब. आपल्याकडं 'ओ'ला एकच डबा. आखूड काय, लांब काय, सगळं त्यातच पडतं, कारण आपल्याला त्यानं काही फरक पडत नाही. ह्यांच्याकडं दोन डबे आहेत. 'ए'चेही दोन. आखूड 'ए'नं 'नेल' म्हटलं तर महिना, लांब 'ए'नं म्हटलं तर जमीन."

"एवढंच ना? मी ताल मोजणारी बाई. एक मात्रा आणि दोन मात्रा मला कळणार नाहीत?"

"सासूबाईंनी सावकाश म्हणून दाखवलं तेव्हा मलाही पहिल्याच दिवशी कळलं. पण दुकानात एकटी बाई थोडीच असते? दात नसलेला म्हातारा, तोंडात तंबाखू धरलेला, धावत आलेलं पोर, भांडून आलेली बाई. घाईतल्याचा लांब हा सावकाश बोलणाऱ्याच्या आखुडाएवढा असतो. मोजून काही होत नाही. पहिले काही दिवस नुसती धार ऐकू यायची. मग त्यात शब्दांच्या फटी दिसायला लागल्या. मग एका सकाळी 'को'चे दोन झाले. आता मला ते परत एक करून ऐकताच येत नाहीत."

"मग झालंच की!"

"नाही गं." तिचे डोळे भरले. "मला शेजारच्या गाळ्यात मेडिकल काढायचंय, तुला ठाऊक आहे. इथल्या म्हाताऱ्या माणसांना साधं औषध घ्यायचं तरी आदिलाबाद गाठावं लागतं. ती येऊन कुठं दुखतं, कसं दुखतं, काय खाल्लं, ते मला सांगणार. किराणात चुकलं तर मिठाच्या जागी डाळ जाते, 'कादु' म्हणून परत येते. औषधात 'कादु' कोण म्हणणार? आणि मला कधीच वाटत नाही की मला नक्की कळलं. प्रत्येक वेळी मी अंदाजच करते. हात आपोआप जातो आणि नंतर धडधडतं. अंदाजावर मी औषध कसं देऊ?"

तर हे होतं. पोरगी दुःखी नव्हती, घाबरलेली होती. आणि तिची भीती खरी होती, म्हणून मला वेडंवाकडं समजावता येईना. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. नंतर म्हटलं, "उद्या मी बसते तुझ्या स्टुलावर."

सकाळी माझं स्टूल रेवतीच्या स्टुलाशेजारी मांडलं. दोघी फळ्यांकडं तोंड करून. गल्ल्यावरून गावाला बातमी गेली होती, कारण नेहमीपेक्षा जास्त गिऱ्हाईक आलं आणि जरा जास्तच मोठ्यानं बोललं. ठरलं असं, की रेवती आधी हात उचलणार नाही. मी द्यायचं, मी चुकले तर तिनं द्यायचं.

मी उप्पूच्या (मिठाच्या) जागी पप्पू (डाळ) दिली. गुळाच्या जागी तांदूळ दिले. एका बाईनं काय मागितलं देव जाणे, मी तिला खराटा दिला. मागून एकामागून एक "कादु, कादु" आणि दबलेलं हसू. पाठ असल्यानं मला कुणाचं तोंड दिसत नव्हतं. नुसते आवाज अंगावर येत होते, आणि त्यांत धरायला काही नव्हतं. माझ्यासारख्या बाईला तोंड मिटून बसायची सवय नाही. पण बोलणं बंद झालं तेव्हा करण्यासारखी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे बघणं. मी शेजारी बघायला लागले.

रेवतीनं ठरल्याप्रमाणं हात मांडीवर दाबून धरले होते. पण गिऱ्हाइकाचा शब्द पुरा व्हायच्या आत तिची बोटं हलायची. उजवीकडच्या फळीवरचं असेल तर उजवा हात चुळबुळायचा, वरचं असेल तर हनुवटी वर जायची. मागून म्हातारा बोलो, पोर बोलो, तिचं अंग आधीच त्या वस्तूकडं निघालेलं असायचं. मग मी चुकायचे, मग ती द्यायची, आणि "कादु" यायचं नाही. मी सबंध सकाळ बघितलं. एकदाही आलं नाही.

गिऱ्हाईक ओसरल्यावर मी तिचं स्टूल माझ्याकडं ओढलं. "अंदाज असा नसतो, रेवती. अंदाज करणारं माणूस थांबतं. मी आज सकाळभर अंदाज केलाय, मला विचार. तू थांबतच नाहीस. तुझा हात शब्दाच्या आधी पोचतो. कानांना कळलेलं असतं, तुला तेवढं उशिरा कळतं आणि मग तू घाबरतेस."

"तू आई आहेस म्हणून म्हणतेस."

"मी?" मला खरंच हसू आलं. "शाळेच्या प्रार्थनेतून तुला कुणी काढलं होतं?"

ती बघत राहिली. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला. "तू."

"का?"

"बेसूर होते म्हणून."

"पोटच्या पोरीला सगळ्या शाळेसमोर बेसूर म्हणणारी बाई आहे मी. कानाच्या बाबतीत मी कुणाची आई नाही. तुझे कान झालेत. आणि धडधडतंय ते चांगलंच आहे. औषध देताना धडधडू दे आणि दोनदा विचार. पण विचारायला तोंड समोर लागतं."

ती शालीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग आतल्या दाराकडं बघून, मोठ्यानं म्हणाली, "सासूबाई, फिरवा स्टूल."

विहीणबाई हातातलं पीठ न धुता पळत आल्या. त्यांनी स्टूल धरून गर्रकन फिरवलं, रेवतीच्या तोंडात तीळ-गुळाचा खडा कोंबला आणि एक माझ्याही तोंडात. "गिऱ्हाईक येऊ द्या आता," म्हणाल्या. आम्ही तिघी रस्त्याकडं बघत बसलो. आणि नेमकं रस्त्यावर काळं कुत्रं नाही. सुनील पोती रचल्याचं नाटक करत कोपऱ्यात घुटमळत होता.

शेवटी एक म्हातारी काठी टेकत आली. कमरेला कापूस वेचायचं ओटं (झोळी) तसंच बांधलेलं. पायरीवर बसली आणि कुणाकडं न बघता बोलायला लागली. मला त्यातला एकच शब्द धरता आला, नोप्पी (दुखणं), तोही रेवतीनं आदल्या दिवशी शिकवला होता म्हणून.

रेवती पुढं वाकली. "एक्कड नोप्पी, अव्वा?" (कुठं दुखतं, आजी?)

म्हातारीनं गुडघा दाखवला, मग खांदा, मग सुनेचं गाऱ्हाणं असावं तसं बराच वेळ काही सांगितलं. रेवतीनं मध्येच एकदा थांबवून काहीतरी विचारलं, म्हातारीनं उत्तर दिलं, रेवतीनं परत विचारलं, मग मलमाची डबी काढली आणि कसं लावायचं ते स्वतःच्या गुडघ्यावर दाखवलं. म्हातारी "सरे" (बरं) म्हणाली, उठली, डबी ओट्यात टाकली आणि काठी टेकत निघून गेली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. कोत्त कोडलु पहिल्यांदा बोलली, याचं तिला काही वाटलंच नाही. दुकानदारणीशी बोलावं तशी बोलली आणि गेली.

"झालं," विहीणबाई म्हणाल्या आणि पिठाच्या हातानंच डोळे पुसले. मी तर सरळ रडले. इतकं हलकं मला किती दिवसांत वाटलं नव्हतं. सुनीलनं एक पोतं चुकीच्या थप्पीवर ठेवलं आणि आईची बोलणी खाल्ली.

आणखी दोन दिवस राहिले. निघताना विहीणबाईंनी ती रिकामी बॅग कोपऱ्यात पाहिली. "हे काऊन आनली होती इहीनबाई?" मी रेवतीकडं बघितलं, रेवतीनं छताकडं. "ज्वारी न्यायला," मी म्हटलं. त्यांनी खरंच ती भरली: ज्वारी, वाळवलेली अंबाडी, सकिनालुचा डबा. मिरजेच्या स्टेशनवर ह्यांनी बॅग उचलून पाहिली आणि म्हणाले, "जड आहे." मी म्हटलं, "हो, पण तिचे कपडे नाहीत त्यात." ह्यांनी बॅग खांद्यावर घेतली आणि घरापर्यंत शीळ घालत आले.

प्रवासाहून परत आलं की लोक विचारतात, काय पाहिलंस? मी पाहिलं ते तसं थोडंच. सागाची पानं, कापूस, एक दुकान. ऐकलं मात्र पुष्कळ, आणि त्यातलं फार थोडं कळलं. इतकी वर्षं पोरींना 'आधी ऐका, मग गा' म्हणत आले, आणि स्वतः ऐकायला त्या स्टुलावर बसावं लागलं.

परवा सकाळी दुकानाच्या वेळेलाच दुकानातल्या फोनवर फोन लावला. आता बंदी नाही. पलीकडून एका बाईचा घाईतला आवाज आला, "आं, चेप्पंडि!" (हं, बोला!) मी म्हटलं, "विहीणबाई, जरा रेवतीला देता का?"

पलीकडून ओळखीचं हसू. "आई, अगं मीच आहे!"

हजार पोरींच्या कोरसमधून जिचा आवाज मी वेगळा काढला असता, ती माझी मुलगी, आणि मला ओळखू आली नाही. तरी मला त्याचं वाईट वाटलं नाही. म्हणाली, "गिऱ्हाईक आहे गं, फोन ठेवू नको, तसाच राहू दे." मी फोनचा स्पीकर लावला, स्वयंपाकघरातलं स्टूल ओढलं आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

हे चहा मागायला आले. "काय गं, भिंतीकडं तोंड करून काय बसलीस?"

मी ओठांवर बोट ठेवलं. फोनमध्ये कुणीतरी पायरीवरून मोठ्यानं हाक मारत होतं: "कोडलु! ओ कोडलु!" त्यातला 'को' लांब होता, मला स्वच्छ ऐकू आला. आणि त्याच्या आधी 'कोत्त' नव्हतं.